किराणा दुकानात सेवा केंद्र येणार म्हणून आमच्या लेआउटमधल्या रहिवाशांकडे सहमतीपत्र मागितलंय. पत्रात काय लिहावं?

मानेवाडाकर
नमस्कार मंडळी. आमच्या भागात, नागपुरात मानेवाडा–बेसा रस्त्यावर, किराणा, कपडे, भांडी सगळं एका छताखाली मिळणारं मोठं दुकान आहे. मालकांनी आसपासच्या सोसायट्यांना निरोप पाठवलाय, की तळमजल्यावरचा एक कोपरा ते सरकारी दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या सेवा केंद्रासाठी द्यायला तयार आहेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पॅन कार्ड, वीजबिल ही कामं तिथे व्हावीत असा बेत आहे. केंद्र कोणाला आणि कुठे द्यायचं हे जिल्हाधिकारी कार्यालय ठरवतं, हे मला माहीत आहे. पण रहिवाशांची मागणी असल्याचं पत्र सोबत असलं तर अर्जाला वजन येईल, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत आधीच सांगते. खिडकी दुकानात गेली तर मला चालेल. मे-जूनच्या उन्हात सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयांपर्यंत मुलांना घेऊन जाणाऱ्या आया मी पाहते, त्यांचा त्रास कमी झाला तर कोणाला नको आहे? पण अर्ज दिल्याची सरकारी नोंद आणि काम अडलं तर दाद मागायची वाट, या दोन गोष्टी दुकानाच्या मर्जीवर जाता कामा नयेत. नुसतं "आम्ही सहमत आहोत" असं लिहून सही करायला मन धजत नाही. इथे वेगवेगळ्या कामातली माणसं आहेत, म्हणून विचारते. पत्रात नेमकं काय मागावं?

हिंगणा_रोड
ताई, डोळे मिटून सही करा. मी एमआयडीसीत कामाला आहे. राज्य सरकारची ऑफिसं २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा करून राहिली, सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. माझी जनरल शिफ्ट त्याच वेळात. म्हणजे कोणतंही काम निघालं की सुट्टी टाका, पगार कापून घ्या. बहिणीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी घरात रोज हाच विषय होता, की कोण सुट्टी टाकणार. दुकान रात्री दहापर्यंत उघडं असते, रविवारीही असते. आमच्यासारख्याला याच्यापेक्षा मोठी सोय कोणती? हक्क, कायदा वगैरे ठीक आहे, पण आधी खिडकी उघडी तं सापडली पाहिजे ना.

नंदनवन_ताई
हिंगणा भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण त्या दुकानाच्या दारातून सगळ्यांना आत जाता येते का तेही पाहा.

आमच्या वस्तीतली एक बाई, चार घरची धुणीभांडी करते. तिच्या पोरीच्या स्कॉलरशिपच्या कागदांसाठी मी तिच्यासोबत अशाच एका मोठ्या दुकानात गेले होते. आत एक फॉर्म भरून देणारं काउंटर होतं. दुकानाचं नाव घेत नाही. दारातच गार्डनं थैली थांबवली. एक तर जमा करून टोकन घ्या, नाही तर पट्टा मारून घ्या. थैलीत पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला, बापाचा जातीचा दाखला, रेशन कार्ड, सगळं मूळ, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं. जमा करायला ती तयार होईना, आणि का व्हावी? मग प्लास्टिकचा पट्टा मारून घेतला. काउंटरवर पोचलो तर तो मुलगा म्हणते कागद दाखवा. थैली तर बंद! पट्टा कापायला परत दारात, गार्डची परवानगी, परत रांगेच्या शेवटी. ती बाई सबंध वेळ भिंतीला टेकून उभी होती, चपला बाहेर काढाव्या का असं तिनं मला हळूच विचारलं.

तहसीलमध्ये गर्दी असते, बसायला जागा नसते, सगळं मान्य. पण तिथं तिला आत यायला कोणी अडवत नाही. पत्रात पहिली ओळ ही लिहा, की केंद्राला रस्त्यावरून वेगळं दार पाहिजे. दुकानातून जावं लागेल असा कोपरा नको.

मानेवाडाकर
नंदनवन ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. वेगळं दार लिहून घेतलं.

सेवाकेंद्र_चालक
मी जिल्ह्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो.

पहिली गोष्ट, आजही आमची बरीच केंद्रं खासगी गाळ्यांतच आहेत. झेरॉक्स, फोटो, मोबाइल रिचार्ज आणि त्याच टेबलावर सरकारी पोर्टल. सामायिक सेवा केंद्रांची योजना केंद्र सरकारनं २००६ मध्ये मंजूर केली तेव्हापासूनच, गावातल्याच एखाद्यानं स्वतःच्या जागेत, स्वतःच्या भांडवलावर केंद्र चालवायचं, अशी कल्पना आहे. केरळात अक्षय केंद्रं त्याच्याही आधी, २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात सुरू झाली. त्यामुळे "सरकार दुकानात चाललं" यात नवं फार नाही. नवं एवढंच की दुकान मोठं आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. कितीतरी वर्षं एका दाखल्याचं सेवाशुल्क २० रुपये होतं, २०२५ मध्ये ते ५० झालं. तेही पूर्ण आमच्या हातात येत नाही, शासनाचा आणि पोर्टल चालवणाऱ्या कंपनीचा वाटा जातो. उरलेल्यात गाळ्याचं भाडं, वीज, इंटरनेट, स्कॅनर, प्रिंटरची शाई आणि एका मुलाचा पगार. बारावीचा निकाल लागला की दारात रांग. एकेका अर्जाला काय लागतं ते पाहा. फोटो २० केबीच्या आत बसवायचा, नाही तर पोर्टल घेत नाही. प्रत्येक कागद स्कॅन करून ठरलेल्या साइजमध्ये आणायचा. आधारवर नाव एक, टीसीवर दुसरं, वडिलांचं आडनाव रेशन कार्डावर तिसरंच. मग स्वयंघोषणापत्र. तेवढ्यात सर्व्हर बसतो. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो मोबाइल घरी राहिलेला. एका अर्जात अर्धा तास सहज जातो. शंभर-दोनशे रुपये मागणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही, दरपत्रक दारावर लावणं आमच्यावर बंधनकारकच आहे. पण ते का मागतात, हे समजलं तर मोठं दुकान आल्यानं काय होईल तेही समजेल. त्या मालकाला दाखल्यामागच्या पैशात रस नसणार. दाखल्यासाठी आलेला माणूस जाताना तेलाचा डबा घेऊन जाईल, यात रस असणार. त्यामुळे तो कदाचित जास्तीचे पैसे मागणारही नाही. पण ज्या दिवशी तो कोपरा फ्रीज ठेवायला जास्त फायद्याचा वाटेल, त्या दिवशी काय?

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. आम्ही फक्त अर्ज घेतो. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदारांच्या सहीनं निघतो. एसी लावलेल्या कोपऱ्यात अर्ज दिला म्हणून तिकडचं टेबल पुढे सरकत नाही. लोक आमच्याकडे येऊन भांडतात, "पैसे घेतले, दाखला कुठे आहे?" आमच्या हातात काहीच नसतं. दुकानाच्या मॅनेजरशीही असेच भांडतील.

टपाल_निवृत्त
आयुष्याची नोकरी टपाल खात्यात गेली, शेवटची वर्षं सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत. सेवाकेंद्रवाले भाऊ म्हणतात तो फ्रीजचा मुद्दा खरा आहे, आणि तो दुसऱ्या देशांत घडून गेलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्लंडमध्ये टपाल कार्यालयाच्या स्वतःच्या मोठ्या शाखा होत्या, त्यांना क्राउन पोस्ट ऑफिस म्हणत. त्या तोट्यात चालतात म्हणून २००० नंतरच्या दशकापासून त्यांतल्या बऱ्याच डब्ल्यूएचस्मिथ या वह्या-पुस्तकं-मासिकांच्या दुकानसाखळीत हलवल्या. २०१८ मध्ये एकदम ७४ शाखा हलवायचं जाहीर झालं. तिथे पासपोर्टच्या अर्जापासून पेन्शनपर्यंत किती तरी सरकारी कामं टपालाच्या खिडकीवर होतात, म्हणजे नुसता पाकिटांचा प्रश्न नव्हता. लोकांनी सभा घेतल्या, सह्यांच्या मोहिमा केल्या. म्हातारे म्हणत, दुकानाच्या पार मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर खिडकी दिली, व्हीलचेअर कशी न्यायची? पुढे २०२५ मध्ये त्या कंपनीनं बाजारपेठेतली आपली सगळी दुकानंच एका गुंतवणूक संस्थेला विकली. पाट्या बदलून टीजीजोन्स झाल्या. ज्या टपालखिडक्या त्या दुकानांत होत्या, त्यांचा घरमालक एका व्यवहारात बदलला, आणि त्या व्यवहाराशी टपालाच्या गिऱ्हाइकाचा काडीचा संबंध नव्हता.

अमेरिकेत उलट झालं. तिथल्या टपाल खात्यानं २०१३ मध्ये स्टेपल्स या स्टेशनरीच्या साखळीतल्या ८२ दुकानांत खिडक्या उघडल्या. काउंटरवर माणसं दुकानाची, टपाल खात्याची नाहीत. टपाल कामगारांच्या संघटनेनं देशभर बहिष्काराची हाक दिली. आमच्या प्रशिक्षित, शपथ घेतलेल्या माणसाचं काम कमी पगाराच्या दुकानी नोकराकडे का, हा त्यांचा सवाल. २०१७ च्या सुरुवातीला तो करार गुंडाळावा लागला.

आपल्याकडेही टपाल खात्याची फ्रँचायझी योजना आहे. पण तिची मर्यादा नीट आखलेली आहे. फ्रँचायझी स्पीड पोस्ट घेईल, मनीऑर्डर घेईल, तिकिटं विकेल, त्यावर कमिशन मिळवेल. पत्र घरी पोचवायचं काम मात्र पोस्टमनचंच, आणि बचत खात्याला त्यानं हात लावायचा नाही. ही रेघ मला बरोबर वाटते. लोकांचा पैसा आणि लोकांचं पत्र खात्याच्या माणसाच्या हातात राहिलं पाहिजे. मानेवाडा ताई, तुमच्या पत्रात अशी रेघ असावी.

महालवाला
टपालकाकांनी परदेशाचं सांगितलं, मी आपल्या नागपूरचंच सांगतो. २०११ मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांतलं वीजवितरण फ्रँचायझीकडे गेलं. बिल, मीटर, तक्रार, सगळं खासगी कंपनीच्या काउंटरवर. २०१९ मध्ये कंपनी बाहेर पडली आणि महावितरणनं काम परत घेतलं. बरं झालं की वाईट, याच्यावर महालात आजही दोन तट आहेत, त्यात मी पडत नाही. माझा मुद्दा एकच. वितरणाचा परवाना सबंध काळ महावितरणकडेच होता, कंपनी फक्त फ्रँचायझी होती. म्हणून ती गेल्यावर शहर अंधारात गेलं नाही. मूळ नोंदी आणि परवाना सरकारकडे असला की कंपनी आली काय, गेली काय, गाडी थांबत नाही.

वकील_सदर
चर्चा चांगली चालू आहे. थोडं कायद्याचं सांगतो, कारण ताईंनी सुरुवातीलाच दाद मागायच्या वाटेबद्दल विचारलंय.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादीत जाहीर केलेल्या, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे. आयोगाचे आयुक्त नागपूर विभागासाठीही आहेत. विनाकारण काम अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता मेख पाहा. दंड होतो तो पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा द्यायला कायद्यानं नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला. केंद्रचालक हा पदनिर्देशित अधिकारी नाही, दुकानाचा मॅनेजर तर नाहीच नाही. केंद्रानं जास्त पैसे घेतले, कागद गहाळ केले, अर्ज दोन आठवडे टेबलावर पाडून ठेवला, तर लोकसेवा हक्काचं अपील त्याच्यावर चालत नाही. त्याची तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करावी लागते, आणि ते केंद्र रद्द करू शकतात. ही दुसरी वाट लोकांना माहीतच नसते. म्हणून तक्रार कुठे करायची तो पत्ता केंद्राच्या भिंतीवर ठळक हवा.

आणखी एक, जे रोज पाहतो. २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी ५०० चा लागू झाला. त्यानंतर जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी मुलांकडून ५०० चा स्टॅम्प पेपर मागणारे निघाले. सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे! महसूलमंत्र्यांना २०२५ मध्ये ते पुन्हा जाहीर करावं लागलं. ज्या काउंटरवर विक्रीची सवय आहे, तिथे न लागणारी गोष्ट गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडायची भीती जास्त. स्टॅम्प पेपर, लॅमिनेशन, फाइल, सगळं "लागतंच" म्हणून विकलं जातं. कोणत्या दाखल्याला काय लागत नाही, तेही दरपत्रकाशेजारी लिहिलेलं असावं.

हिंगणा_रोड
वकील साहेब, मग याचा अर्थ दुकानात केंद्र नकोच?

वकील_सदर
नाही, तसं मी म्हणत नाही. चांगला नमुना आपल्याच देशात आहे. पासपोर्ट सेवा केंद्रात तुम्ही आधी ए काउंटरवर जाता. तिथे खासगी कंपनीचा कर्मचारी कागद तपासतो, फोटो काढतो, बोटांचे ठसे घेतो. पुढे बी काउंटरवर कागदांची पडताळणी सरकारी कर्मचारी करतो आणि सी काउंटरवर पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारी अधिकारी ठरवतो. कंपनी आहे, पण निर्णयाला तिचा हात लागत नाही. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्टची केंद्रं निघाली, म्हणजे जागा पुन्हा सरकारीच. खासगी माणूस असू शकतो, खासगी जागा असू शकते. कोणती पायरी कोणाची, हे रेखून हवं.

अजनी_क्वार्टर
आधारचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. सुरुवातीला आधार नोंदणी कुठेही व्हायची, गल्लीतल्या दुकानात, मंडपात. २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानं सांगितलं, की खासगी जागेतली केंद्रं सरकारी आवारात हलवा. बँका आणि टपाल कार्यालयांतही काउंटर आले. जास्तीचे पैसे आणि गैरप्रकार, अशा तक्रारी होत्या म्हणूनच ना. म्हणजे दुकानातून सरकारी इमारतीत, असा उलटा प्रवास आपण एकदा केलेला आहे. आज १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे दर पाहा. पत्ता बदलायला ७५, बोटांचे ठसे नव्याने द्यायला १२५. दर सगळ्यांना माहीत आहे, जागा सरकारी आहे, तरी ऊन-पावसात रांगा आहेत. नोंदणी नव्यानं करायची असेल तर एक पैसाही लागत नाही, हे मात्र अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

माझं स्पष्ट मत आहे की दाखल्यांचा अर्ज दुकानात जाऊ दे, पण ज्याच्यात अंगठा आणि डोळ्यांचं स्कॅनिंग आहे ते काम तिथे नको. ताई, पत्रात तेवढं वगळून मागा.

नंदनवन_ताई
अजनीताईंशी सहमत. कंट्रोलच्या दुकानाचंच पाहा ना. रेशनचा दुकानदार खासगीच असतो, परवाना सरकारचा. म्हातारीचा अंगठा घासून गेलेला, मशीन घेत नाही, ती दुकानासमोर बसून राहते. कामाची माणसं असतात ती, भांडी घासून आणि विटा उचलून बोटावरच्या रेषाच उरत नाहीत. आता तोच दुकानदार माझ्या ओळखीचा, वस्तीतला, तो दुसऱ्या बोटानं, नाही तर सुनेच्या अंगठ्यानं करून देते, हाकलून देत नाही. मोठ्या दुकानातला पगारी पोरगा, दर सहा महिन्यांनी बदलणारा, तो एवढा वेळ थांबेल का? केंद्र आलं तर चालवणारा माणूस इथलाच पाहिजे. हेही लिहा.

मानेवाडाकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सोसायटीतल्या दोघी-तिघींसोबत बसून मसुदा केला. त्यातला मुख्य भाग असा आहे:

"रहिवाशांची या जागेत केंद्र सुरू होण्यास हरकत नाही. मात्र केंद्रास रस्त्याकडून स्वतंत्र दार व उतार असावा आणि दुकानातील सुरक्षारक्षकाकडून अर्जदाराच्या पिशवीची अडवणूक होऊ नये. बायोमेट्रिकची कोणतीही सेवा येथे देऊ नये. केंद्राचा परवाना स्थानिक चालकाच्या नावे असावा, दुकानाच्या नावे नसावा. जागा बंद करावयाची असल्यास पर्यायी जागा सुरू होईपर्यंत विद्यमान जागा चालू ठेवण्याची लेखी हमी दुकानमालकाने द्यावी. दरपत्रक, न लागणाऱ्या कागदांची यादी आणि तक्रारीचा पत्ता दर्शनी भागात लावावा."

मालकांना हे पत्र दाखवलं. जागेच्या हमीवर ते जरा घुटमळले, विचार करून सांगतो म्हणाले. बाकीला तयार आहेत. आम्ही त्या हमीशिवाय सही करणार नाही, हे नक्की केलंय.

सेवाकेंद्र_चालक
मसुदा उत्तम आहे. एक भर घाला. गर्दीच्या दिवसांत काही केंद्रं कागद ठेवून घेतात, चिठ्ठीवर नाव लिहून देतात आणि सवडीनं रात्री, नाही तर दोन-चार दिवसांनी पोर्टलवर चढवतात. लोकांना वाटतं अर्ज झाला. "अर्ज ज्या वेळी घेतला त्याच वेळी पोर्टलवर भरून अर्ज क्रमांकाची छापील पावती द्यावी, सर्व्हर बंद असल्यास कागद ठेवून न घेता परत करावेत" असं स्पष्ट लिहा.

हिंगणा_रोड
पण भाऊ, रविवारी दिला तं १५ दिवस कधीपासून मोजायचे? सोमवारपासून का?

वकील_सदर
मुदत सुरू होते ती आवश्यक कागदांसह परिपूर्ण अर्ज दाखल झाला त्या दिवसापासून. तुम्ही रविवारी चिठ्ठी घेऊन घरी आलात आणि अर्ज बुधवारी चढला, तर कायद्याच्या दृष्टीनं तो बुधवारचा. म्हणून केंद्रचालक भाऊंची ओळ जशीच्या तशी मसुद्यात घ्या. पावतीवर अर्ज क्रमांक, तारीख आणि सेवा मिळण्याची शेवटची तारीख, या तिन्ही गोष्टी आहेत का ते तिथेच उभं राहून वाचा. अपील करायची वेळ आली तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं असतं, आणि तिथे हीच पावती जोडावी लागते.

मानेवाडाकर
घातली ती ओळ, शेवटच्या तारखेसकट. रविवारी सकाळी सह्या घेतोय. मानेवाडा, बेसा, नरेंद्रनगर भागातल्या कोणाला यायचं असेल तर इथेच कळवा, वेळ आणि जागा व्यक्तिगत निरोपातून सांगते.